शांत राहा म्हणणाऱ्या दिराला आधी ड्यूटी लाव

पत्र (थोडं कापून देतेय):

"ताई, मला अगंतुगंच करा. वय 47, डोंबिवलीत राहते. सासरे 79, रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर. तीन वर्षांपूर्वी अल्झायमर निघाला. सासूबाई नाहीत. नवरा सकाळच्या लोकलने जातो तो रात्री नऊला घरी. मुलगी बारावीला. मी शिकवण्या घ्यायचे, त्या बंद केल्या. अप्पा दिवसभर विचारतात डबा कुठाय, ड्यूटीची वेळ झाली, आणि संध्याकाळ झाली की मला घरी जायचंय, आई वाट बघत असेल. परवा चौथ्यांदा दार उघडून निघाले तेव्हा मी दंड धरून खेचलं, जोरात. नीळ आली. ते हात जोडून म्हणाले, चुकलं बाई माझं. थोड्या वेळाने ते विसरले, मी नाही विसरले. दीर पुण्याला असतात, रविवारी फोन करून सांगतात वहिनी शांत राहायला शिका, मेडिटेशन करा, आणि व्हिडिओ पाठवतात. मी ॲपपण घेतलं. डोळे मिटले की रडू येतं नाहीतर जास्तच राग येतो. कधी मनात येतं, देवा यांना आता ने. मग स्वतःचीच किळस येते. माझ्यातली माया आटली का हो? मी इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला जाऊन येऊ का? – एक थकलेली सून"

अगं,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात जड वाक्य आधी घेते, नाहीतर बाकीचं वाचताना तुझं लक्ष तिथेच अडकून राहील. 'देवा यांना आता ने.' वर्षानुवर्षं डिमेन्शियाच्या, म्हणजे अल्झायमरसारख्या आठवण जाणाऱ्या आजाराच्या, माणसाचं करणाऱ्या घरात हे मनात येतं, सर्रास येतं, फक्त कोणी बोलत नाही कारण बोललं की समोरचा कानांवर हात ठेवतो. मग ते वेगळ्या रूपात बाहेर पडतं, 'सुटले तर बरं', 'त्यांचेच हाल बघवत नाहीत', 'आता काय राहिलंय त्यांच्यात'. नीट बघितलंस तर तुला अप्पा नकोत असं त्यात फारसं नाहीये, तुला हे सगळं थांबायला हवंय, आणि थांबायचा दुसरा कुठलाच रस्ता दिसत नाहीये म्हणून मन त्या एकाच दिशेला पळतंय. असा विचार येतो आणि तरी तू सकाळी उठून त्यांचं तोंड धुवून देतेस, गोळ्या मोजून देतेस, त्यांनी सांडलेलं पुसतेस. किळस वाटायची असेल तर ती परिस्थितीची वाटू दे.

दंड खेचलास ते मात्र नुसतं मनात आलेलं नव्हतं, ते घडलं, त्यावर मी पांघरूण घालणार नाही आणि तूही घालू नकोस. एक खरं की म्हातारपणी कातडी पातळ होते, त्यात ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर नुसतं घट्ट धरलं तरी नीळ येते. तरीपण, हात उठायच्या जवळ गेला म्हणजे तुझी मर्यादा संपलेली आहे, आणि संपलेली मर्यादा निश्चय करून वाढत नाही हे लक्षात घे, 'उद्यापासून अजिबात चिडणार नाही' असं म्हणून तू हे आत्तापर्यंत कितीदा ठरवलं असशील आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजेपर्यंत ते मोडलं असेल. इथे काहीतरी बदलायला लागेल, आणि ते फक्त तुझ्या मनात बदलून भागणार नाही. त्यावर खाली येतेच.

अप्पा विसरले म्हणतेस ना. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात 2014 मधे एक अभ्यास झाला होता, अल्झायमरच्या 17 पेशंटना सिनेमातले दुःखी प्रसंग दाखवले, मग आनंदी प्रसंग दाखवले, आणि थोड्या वेळाने विचारलं काय बघितलं. बहुतेकांना फारसं काही आठवत नव्हतं, पण भावना तशीच राहिलेली, आणि गंमत बघ, ज्यांना प्रसंग कमी आठवत होता त्यांचं दुःख उलट जास्त वेळ टिकलं. कारण कळत नाही पण छातीत काहीतरी जड आहे, अशी ती अवस्था. आता हे वाचून तू परत रडायला बसशील म्हणून लगेच पुढचं सांगते, त्याच अभ्यासात आनंदी प्रसंगांनंतर बरं वाटणंसुद्धा आठवण पुसल्यावर मागे राहिलेलं दिसलं. म्हणजे तू दुपारी त्यांच्या डोक्याला तेल लावून दिलंस आणि ते दहा मिनिटांत विसरले तरी ते वाया गेलेलं नाहीये. 'कशाला करायचं, त्यांना कुठे कळतंय' असं शेजारीण म्हणते ना (प्रत्येक बिल्डिंगमधे एक असतेच), तिला हे सांग.

आता माया आटली का. मला वाटतं तुझं उलट झालंय. अप्पा घाबरले की तू घाबरतेस, ते अस्वस्थ झाले की तुझ्या पोटात गोळा येतो, ते हात जोडतात आणि तू दिवसभर त्या जोडलेल्या हातांखाली दबून राहतेस. त्यांचं दुःख तू पूर्ण अंगावर घेतेयस. आपल्याकडे यालाच माया समजतात, दुसऱ्यासाठी जितकी तळमळ जास्त तितकं माणूस चांगलं. पण मानसशास्त्रात गेल्या काही दशकांत या दोन गोष्टी वेगळ्या करून बघितल्या गेल्यात, दुसऱ्याच्या वेदनेने स्वतः होरपळणं ही एक, आणि त्याला बरं वाटावं म्हणून आतून ऊब वाटणं ही दुसरी. तानिया सिंगर नावाच्या जर्मन संशोधक बाई आहेत, त्यांनी मॅथ्यू रिकार या फ्रेंच बौद्ध भिक्षूला ब्रेन स्कॅनरमधे झोपवलं. हा माणूस आधी जेनेटिक्समधला पीएचडी, मग हिमालयात जाऊन भिक्षू झालेला, हजारो तास ध्यान केलेला. त्याला सांगितलं की फक्त दुसऱ्याची वेदना अनुभवा, अजून काही करायचं नाही. त्याने रुमानियातल्या अनाथाश्रमातल्या मुलांवरची डॉक्युमेंटरी पाहिलेली होती, ती मुलं डोळ्यांपुढे आणली. थोड्याच वेळात तो गळून गेला, असह्य झालं, आणि त्याने स्वतःच विचारलं की आता मी करुणेच्या ध्यानाकडे वळू का. वळल्यावर तीच मुलं, तीच वेदना डोळ्यांसमोर, पण अनुभव पूर्ण वेगळा. त्यांच्याजवळ जावंसं वाटणारा, त्यांना जवळ घ्यावंसं वाटणारा. नंतर सिंगरबाई आणि ओल्गा क्लिमेत्स्की यांनी तुझ्यामाझ्यासारख्या साध्या लोकांना घेऊन हे करून बघितलं. नुसती दुसऱ्याची वेदना अनुभवायचं ट्रेनिंग दिलं तेव्हा लोकांचं वाईट वाटणं वाढलं, मग करुणेचं ट्रेनिंग दिल्यावर ते खाली आलं आणि बरं वाटणंही वाढलं, आणि मेंदूतले वेगळेच भाग कामाला लागलेले दिसले.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं सांगू, इतकं ध्यान केलेला माणूससुद्धा नुसती वेदना झेलत बसला तर थोड्या वेळात गळून जातो. तू तीन वर्षं झेलतेयस, आणि मधे कुकरही लावतेयस.

मग ते दुसऱ्या बाजूला वळायचं कसं. पाटावर बसून डोळे मिटून नको, तुझ्या घरात तेवढा वेळही नाही आणि तुझं तर डोळे मिटले की रडूच येतं. चालता चालता कर. अप्पांना चहा द्यायला जातेस तेव्हा कप हातात असताना, दारातून आत पाऊल टाकायच्या आधी मनात म्हण, 'अप्पा, तुम्हाला जरा बरं वाटू दे. भीती कमी होऊ दे. मलापण जरा बरं वाटू दे.' संपलं. आतून काही वाटलं नाही तरी चालेल, पहिले काही दिवस नाटक केल्यासारखंच वाटतं. आणि ते शेवटचं वाक्य गाळायचं नाही. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषाने मैत्रीच्या ध्यानाचा जो क्रम लावून दिलाय त्यात सुरुवातच स्वतःपासून आहे, मग आवडतं माणूस, मग ज्याच्याबद्दल काहीच वाटत नाही असं, आणि ज्याचा राग येतो ते सगळ्यात शेवटी. रागाच्या माणसापासून सुरुवात करू नका असं स्पष्ट सांगितलंय. तू ॲप लावून पहिल्याच दिवशी दिराला क्षमा करायला निघालेली असणार, बरोबर? ते इतक्यात जमणार नाही, त्यांना रांगेत ठेव.

आणि दाराशी काय करायचं ते. ते चपला घालायला लागले की तुझ्या अंगात काय होतं ते एकदा नीट बघ, जबडा आवळतो का, खांद्यात येतं का, कानाच्या पाळ्या गरम होतात का. राग डोक्यात कळायच्या आधी अंगात येतो, तेवढीच काही सेकंदांची फट आपल्या हातात असते. त्या फटीत दोन्ही पावलं जमिनीवर दाबायची, श्वास घ्यायचा आणि घेतला त्यापेक्षा सावकाश लांबवत सोडायचा, असं तीनदा. यात गूढ काही नाहीये, श्वास सोडताना हृदयाची गती जराशी मंदावते, म्हणून सोडणं लांबवलं की शरीराला थांबायचा निरोप जातो. आणि मनातल्या मनात नाव द्यायचं, 'चिडलेय', 'घाबरलेय'. 2007 च्या एका अभ्यासात स्कॅनमधे दिसलं होतं की भावनेला शब्दात नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची, धावपळ कमी होते. पण मी तुला खोटं सांगणार नाही, हे पहिल्या वेळेला चालेल, दुसऱ्या वेळेला चालेल, चौथ्या वेळेला चालेलच असं नाही. चौथ्या वेळेसाठी वरची कडी लावायची, ते आत सुरक्षित आहेत एवढं बघायचं आणि तू स्वयंपाकघरात किंवा बाल्कनीत पाच मिनिटं जायचं. बाजूला होणं म्हणजे हरणं आहे असं तुला वाटेल. दंड खेचण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं आहे.

त्या 'घरी जायचंय' बद्दल जरा लांबून सांगते कारण तुझी अर्धी भांडणं तिथेच होतायत. आपण काय करतो, समजावतो. 'अहो हेच तुमचं घर आहे, हा बघा तुमचा पलंग.' या आजारात हिप्पोकॅम्पसला, म्हणजे मेंदूतल्या नव्या आठवणी साठवणाऱ्या भागाला, लवकर मार बसतो, नवीन आठवणी टिकत नाहीत, जुन्या बऱ्याच काळ राहतात, त्यामुळे त्यांच्या मनातलं घर ते लहानपणीचं आहे, त्यात त्यांची आई जिवंत आहे आणि संध्याकाळ झालीय. तू म्हणतेस हेच घर, म्हणजे त्यांच्या दृष्टीने एक अनोळखी बाई त्यांना आईकडे जाऊ देत नाहीये! मग ते दार धरतात. आई गेली हे सांगणं तर अजिबात नको, दर वेळेला नव्याने मर्तिक होतं. त्याऐवजी विचार, 'घरी कोण कोण असतं? आई काय करत असेल आत्ता?' बोलू दे. 'चहा घेऊ मग निघू.' चहा झाल्यावर बिल्डिंगच्या खाली एक चक्कर मारून परत वर आणता आलं तर बघ, पुष्कळदा परत आल्यावर 'आलो घरी' म्हणतात. काही जणींना हे खोटं बोलल्यासारखं वाटतं, मला नाही वाटत, त्यांना आई हवीय म्हणजे कुणीतरी आपलं जवळ हवंय, आणि तेवढं तू खरोखर देतेयस. दिवेलागणीच्या आधीच घरातले सगळे दिवे लाव, त्या वेळी या पेशंटची घालमेल वाढते हे सगळ्या डॉक्टरांना माहीत असलेलं आहे, अंधुक उजेडात सावल्या दिसतात तेही एक कारण. चष्म्याचा नंबर, कानाचं यंत्र बघून घे. गोंधळ एकदम एकदोन दिवसांत वाढला असेल तर लघवीचं इन्फेक्शन किंवा बद्धकोष्ठ निघतं बऱ्याचदा, आजार वाढला म्हणून सोडून देऊ नकोस, डॉक्टरला दाखव. आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात नाव आणि तुमचे फोन नंबर लिहिलेला कागद प्लास्टिकमधे घालून आजच ठेव, डोंबिवली स्टेशनच्या गर्दीत माणूस शोधणं काय असतं ते तुला सांगायला नको.

आता तुझ्या त्या 'किळस' शब्दाकडे परत येते. तुझ्या डोक्यात एक नियम आहे असं पत्रावरून दिसतं, की चांगली सून आजारी म्हाताऱ्या माणसावर चिडताच कामा नये. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात अशा 'च'वाल्या वाक्यांवर सगळी उपचारपद्धतच उभी केली, पाहिजेच, व्हायलाच हवं, होताच कामा नये. इच्छा असणं ठीक, 'मला चिडायचं नाहीये' हे चांगलंच आहे, पण त्याचा हट्ट झाला की चिडल्यावर तू स्वतःला शिक्षा द्यायला लागतेस, शिक्षेने दमतेस, दमलेली असलीस की पुन्हा लवकर चिडतेस. गिल्टने माणूस सुधारतो हा आपला एक जुना समज आहे, तुझ्या घरात तरी गिल्टने अप्पांना अजून एकदा खेचण्याचीच तयारी होतेय. हे काम मराठीत करणारे लोक तुझ्या अगदी जवळ आहेत. ठाण्यातली डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मधे सुरू केलेली मानसिक आरोग्याची आयपीएच संस्था, एलिसची पद्धत मराठी घरांपर्यंत नेण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. डोंबिवलीहून लोकलने फार लांब नाही. एकदा जाऊन ये, काउन्सेलरसमोर हे देवा-यांना-ने वालं वाक्य बोल, कोणी दचकणार नाही.

आणि क्रिस्टिन नेफ नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाई 2003 पासून लिहितायत ते मला तुझ्यासाठी फार कामाचं वाटतं. स्वतःशी करुणेने वागण्यात त्या तीन गोष्टी धरतात, आत्ता दुखतंय हे न फुगवता न दाबता बघणं, हे माझ्या एकटीचंच होत नाहीये हे आठवणं, आणि स्वतःशी मैत्रिणीशी बोलावं तसं बोलणं. मधली गोष्ट तुझी पूर्ण सुटलीय. भारतात साठीच्या पुढच्या लोकांमधे डिमेन्शियाचं प्रमाण 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसं, असा अंदाज 2023 मधे आलाय. 88 लाख अप्पा आणि आजी, आणि त्यातल्या बहुतेकांच्या मागे कोणीतरी एक बाई उभी आहे, सून नाहीतर बायको नाहीतर मुलगी. रात्री दोन वाजता अप्पा ड्यूटीला निघतात आणि तू उठतेस त्या वेळी कुठेतरी सांगलीत, नागपुरात, मडगावात कोणीतरी उठलेलं असतं. मला माहितेय याने तुझी झोप पूर्ण होणार नाही. पण आपणच तेवढ्या नालायक आहोत हे जे रात्री वाटतं, त्याला जरा धक्का बसतो.

चल, आता दीर.

शांत राहायचा सल्ला जो माणूस आठवड्यातून एकदा फोनवर देतो त्याच्याबद्दल मला जरा कमीच करुणा आहे, हे माझं मत. छत गळतंय आणि तुला सगळे मिळून बादली कशी शांतपणे बदलायची ते शिकवतायत, असं चाललंय. माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे शांतपणे लक्ष देण्याचा, असा वापर फार होतो, ऑफिसात कामाचा बोजा तसाच ठेवून वेबिनार लावतात, घरात सुनेला व्हिडिओ पाठवतात. जॉन कबात-झिन या संशोधकाने 1979 मधे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या हॉस्पिटलमधे माइंडफुलनेसचा जो कोर्स सुरू केला तो जुनाट दुखण्याच्या पेशंटसाठी होता, जिथे औषधांनी करता येण्यासारखं फारसं उरलेलं नव्हतं. जे खरंच बदलता येत नाही त्याच्यासोबत राहायला शिकणं, हे त्यामागे होतं. अप्पांचा आजार बरा होणार नाही, तिथे हे लागू आहे. दीर महिन्यातले दोन शनिवार-रविवार येऊ शकतात की नाही, ही मात्र बदलता येणारी गोष्ट आहे, तिच्याशी शांतपणे जुळवून घ्यायची काही गरज नाही.

तुझा रागही इथे कामाचा आहे, तो तुला खरं सांगतोय, फक्त चुकीच्या माणसावर निघतोय. अप्पांच्या दंडावर जी नीळ आली त्यातला बराचसा राग पुण्याचा आणि थोडा घरी रात्री नऊला येणारा आहे असं मला वाटतं. नवऱ्याशी आधी बोल, अप्पा झोपल्यावर, आणि नीळ लपवू नकोस, दाखव, सांग की हे माझ्या हातून झालं आणि व्यवस्था अशीच राहिली तर परत होऊ शकतं. हे सांगणं कठीण आहे, पण याच वाक्याने घरं हलतात. मग दिराला फोन नवऱ्याने करायचा, तू नाही. त्यांच्या वडिलांसाठी दोन भाऊ बोलू देत. मागायचं ते मोघम नको, 'जरा लक्ष द्या' म्हटलं की माणूस अजून एक व्हिडिओ पाठवतो. तारखा मागा. महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार-रविवार अप्पांजवळ ते राहतील, किंवा जमत नसेल तर रोज दुपारी चार ते आठ ब्यूरोची बाई किंवा अटेंडंट लावायची आणि तिचा पगार ते देतील, म्हणजे घालमेलीच्या वेळेला तू एकटी नसशील. एक मजेची गोष्ट सांगून ठेवते, वापरायची नाही, नुसती मनात ठेवायची. आई-वडिलांच्या सांभाळाचा 2007 चा जो कायदा आहे त्यात मुलं म्हणजे कोण याची व्याख्या दिलीय, मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्यात नाहीये. म्हणजे कायद्याच्या हिशोबाने तुझ्या घरातली ही जबाबदारी ज्यांच्यावर येते त्यातला एक लोकलमधे आहे आणि एक पुण्यात. तू करतेस ते मायेने करतेस, आणि तुझी माया आटलीय का असं तू मला विचारतेस!

त्या चार तासांत तू काय करायचंस, तर अर्धा वेळ तरी घराबाहेर. दोन शिकवण्या परत सुरू करता आल्या तर फार बरं, पैशासाठी नाही म्हणत मी (पैसेही काही वाईट नाहीत), पण दिवसातला एक तास तरी असा हवा जिथे तू एकदा सांगितलेलं समोरच्याच्या लक्षात राहतं.

डोळे मिटल्यावर रडू येण्याचं. दिवसभर तू सगळं मागे ढकलतेस, कारण ढकलावंच लागतं, मग शांत बसलीस की ते वर येतं, त्यात बिघडलं काही नाहीये, पण ते एकटीने, इतक्या थकव्यात, कानात कुणाचातरी मधाळ आवाज लावून उपसायची गरजही नाही. ॲप काही दिवस बंद ठेव. उघड्या डोळ्यांनी, हातापायांनी करायच्या गोष्टी कर, भांडी घासताना पाण्याचा स्पर्श, जिना उतरताना पायरी, मोकळी असशील तेव्हा एक वही घेऊन वाट्टेल ते लिहिणं आणि फाडून टाकणं. रडू रोजचंच झालं असेल, दोन आठवड्यांच्या वर झोप-भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर ते थकव्याच्या पुढचं आहे, डिप्रेशनसाठी सायकायट्रिस्टला दाखव, गोळ्या लागल्या तर घे, त्यात कमीपणा काही नाही. आणि मनात कधी स्वतःला संपवावं असं आलं, किंवा परत हात उठेल अशी भीती वाटली, तर टेली-मानस या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फोनमधे आत्ताच सेव्ह कर, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. रात्री दोनलाही.

राहिलं इगतपुरी. गोएंका गुरुजींची धम्मगिरी 1976 पासून चालू आहे, कोर्सची फी नाही, जुने साधक दान देतात त्यावर चालतं, आणि खूप लोकांना त्याने खूप दिलंय, त्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण तिथे काय असतं ते माहीत करून जा. पहाटे चारला उठायचं, दिवसाचे दहाएक तास ध्यान, मौन, फोन नाही, वाचन-लेखन नाही. पहिले तीन दिवस नुसता श्वास, चौथ्या दिवसापासून विपश्यना, आणि मैत्रीचं ध्यान येतं ते थेट दहाव्या दिवशी. जी बाई घरी ॲपवरची दहा मिनिटं डोळे मिटून बसू शकत नाहीये तिने आत्ता तिथे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत. शिवाय खरं सांग, तुला ध्यान हवंय की दहा दिवस कोणी हाक मारू नये असं हवंय? दुसरं असेल तर त्यासाठी इतकं कडक कशाला, बहिणीकडे जा, माहेरी जा, उशिरापर्यंत झोप, कोणीतरी केलेला आयता चहा पी. सहा-आठ महिन्यांनी, घरातली व्यवस्था लागून तुझी झोप सुधारल्यावरही जावंसं वाटलं तर जरूर फॉर्म भर. फॉर्ममधे मनाच्या तब्येतीबद्दल विचारतात तिथे सगळं खरं लिही, गोळ्या चालू असतील तर तेही. आणि नाव जरी दहा दिवसांचा कोर्स असलं तरी आदल्या दिवशी पोचायचं आणि अकराव्या दिवशी सकाळी निघायचं असतं, तेव्हा बारा दिवस धर आणि त्या बारा दिवसांची रजा दिराला आत्तापासूनच टाकायला सांग.

– ताई